टाक्यातली चार बोटं

२ एप्रिल २०२४
टाक्याची वस्ती, रिहे खोरे

एकनाथ, जयभीम.

तू फोन उचलत नाहीस. दीपमाला उचलते, "ते भाईर गेल्यात" म्हणते आणि ठेवून देते. मागे तुझा खोकला ऐकू येतो. खोटं बोलायचं असेल तर आधी खोकणाऱ्याला बाहेर पाठवावं, एवढं तुझ्या बायकोला सांग. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र उचलावं लागत नाही, ते येऊन पडतं.

टाकं कोरडं आहे. गेल्या मे महिन्यात पाणी गेलं, पावसाळ्यात भरलं आणि दिवाळीच्या आत पुन्हा गेलं. पूर्वेच्या भिंतीत, तळापासून गुडघाभर उंचीवर भेग आहे, तिच्यातून जातं. वस्तीला एक दिवसाआड टँकर येतो. टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास असतो आणि बायकांच्या तोंडी तुझं नाव असतं.

पाण्याची सोय कशीतरी होईल. त्याहून मोठी गोष्ट आहे. खिंडीच्या पलीकडे फार्महाऊसचे प्लॉट पडले ते तू जायच्या आधीच पाहिलेस. आता त्यांचा जेसीबी आपल्या बाजूला उतरला आहे. रस्त्याची आखणी टाक्यावरून जाते. मी पुरातत्त्व खात्याला अर्ज केला आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा माणूस पाहणीला येईल. त्याला दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेलं, आजही पाणी धरणारं टाकं दाखवायचं आहे. आधी गाळ बसायला लहान कुंड, मग पन्हळ, मग आत खांब सोडून कोरलेली खोली, वर माणूस जेमतेम उतरेल एवढी दोन तोंडं, म्हणजे ऊन लागत नाही आणि पाणी आटत नाही. असं काम आज कोणी करून दाखवावं. पण कोरडा खड्डा पाहून तो माणूस चहा पिऊन निघून जाईल.

तेव्हा तू यायचं आणि भेग बुजवायची. चाळीस वर्षं दगड फोडलास, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. सिमेंट चालणार नाही, ते पाहणीत लगेच दिसतं. चिकण माती तुझ्याच खाचराच्या बांधाची घे. मुरवलेला चुना. आणि भाताचं तूस, कुटलेलं नाही, अख्खं. मातीच्या तीन घमेल्यांना तुसाचं एक. थापी लावायची नाही, हाताने दाबून भरायचं, जुनं होतं तसंच.

खिंडीच्या बाजूने चढ. वस्तीत येऊ नकोस. आल्यास लोक काय म्हणतील ते तुला माहीत आहे.

त्या बैठकीत मी जे बोलले ते बोलले. तो विषय या पत्रात नको.

आक्का


१६ एप्रिल २०२४

एकनाथ,

तुझं कार्ड आलं. सहा ओळी, नऊ चुका. 'विहार'चा वि दीर्घ काढतोस अजून.

तू विचारतोस: "आक्का, तूस आक्कं होतं आन थापी लावल्याली नव्हती हे तुला कसं कळ्ळं? भेगंत भरल्यालं म्या बघितलं न्हाई. कुनीच न्हाई."

मी इतिहास शिकले, एकनाथ. एम.ए. झाले. एक्याऐंशी साली या टाक्यावर कोरलेला लेख मी वाचला, तोवर सगळं खोरं म्हणत होतं की हे पांडवांनी एका रात्रीत खोदलं. एका घरधन्याच्या बायकोने आणि तिच्या लेकीने दिलेली पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, असं त्या कोरलेल्या ओळीत आहे हे वस्तीला मी सांगितलं. तेव्हा जुन्या लोकांचं लिंपण कसं असायचं हे मला माहीत असणार. बाकी चौकशी कशाला?

तरीही तू पुन्हा पुन्हा तेच विचारशील. तुझी ती सवय आहे. म्हणून सांगते, आणि एकदाच.

गेल्या वर्षीच्या उपशाला काय झालं ते तुला आठवतं. बुद्धपौर्णिमेच्या आधी वस्ती दर वर्षी टाकं उपसते आणि तळाला हातभर गाळ सोडून देते. तळ उघडा करायचा नाही, असं जुनी माणसं सांगत आली. मला अर्जासाठी तळाचे आणि भिंतींचे फोटो हवे होते. मी म्हटलं, यंदा खडकापर्यंत साफ करा. तू फावडं खाली ठेवलंस. "आक्का, तळ उघडा करायचा न्हाई. आजानं सांगितलंय."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आजाने तुला अजून काय काय सांगितलं होतं? सातवीत शाळा सोडायलाही त्यानेच सांगितलं ना?"

लोक हसले. तू फावडं उचललंस.

तो गाळ भेगेवर ओला लेप राखून होता, हे मला आता कळतं. उघडा पडला, मेचं ऊन तोंडातून तिरपं आत आलं, लिंपण वाळलं, कडा सुटल्या. तुम्ही भाकरी खायला खाली गेलात तेव्हा मी बॅटरी घेऊन आत उतरले. भेगेच्या तोंडाशी एक भाग सुटलेला दिसला. सुटलेलाच होता. मी जवळून पाहिलं. तूस तेव्हा दिसलं. एवढंच.

आता तुझी अट. विहारात सगळ्यांसमोर मी सांगावं की तुझी पहार भिंतीला लागली नव्हती, बैठकीत मी खोटं बोलले. दीपमालाला श्वास लागतो, तिला घरी यायचं आहे, तुम्ही दोघं लवासात त्या रिकाम्या इमारतीच्या तळमजल्यावर आणखी एक पावसाळा काढू शकत नाही. कोणी बोलत नाही अशा वस्तीत मी आजारी बायकोला आणू का, असं तू लिहितोस.

ठीक आहे. आधी काम, मग बोलणं. भेग बुजव. तेवीस मेला बुद्धपौर्णिमा आहे, विहारात सगळे जमतील, तेव्हा मी बोलेन.

दीपमालाला वाफ घ्यायला सांग. गोळ्यांचा उगाच मारा करू नका.

आक्का


२८ मे २०२४

एकनाथ,

तू पौर्णिमेला खिंडीत थांबला होतास हे मला आज कळलं. नथूतात्याच्या सुनेने सरपणाला गेल्यावर पाहिलं. झाडाखाली बसून विहाराचा लाऊडस्पीकर ऐकत होता म्हणे. दुपारी चारला उठून गेलास.

मी बोलले नाही. तू ऐकलंच असशील. वंदना झाली, मुलींची गाणी झाली, खीर झाली. नथूतात्याने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मुलींच्या निकालावर बोलले.

कारणं देते. मी पाच मिनिटं उभी होते आणि समोर बायका बसल्या होत्या. वर्षभर डोक्यावरून टँकरचं पाणी वाहिलेल्या बायका. त्यांच्यापुढे मी म्हणायचं की बायांनो, ज्या बाईंनी तुमच्या तीन पिढ्यांना बाराखडी शिकवली, त्यांनीच तुमचं पाणी घालवलं आणि भावावर ढकललं. मग उद्यापासून अर्जावर सह्या कोण करणार? माझ्या शब्दावर ही वस्ती जेसीबीपुढे उभी राहते. तुझ्या शब्दावर कोण उभं राहतं?

हे तुला आवडणार नाही. पण खरं आहे.

तू काम चांगलं केलंस. हे मला म्हणायचं आहे. चार दिवस मी टाक्याच्या तोंडाशी बसले आणि तू आत गुडघ्यावर. मला वाटलं होतं तू काही बोलणार नाहीस. पहिल्याच दिवशी तू आतून हाक मारलीस.

"आक्का, हितं पहार लागल्याली न्हाईच."

"काम कर."

"पहारंचा घाव भोंगळ असतूय. दगडाचं टवकं उडत्यात. हितं कुणीतरी टोकदार कायतरी घालून उचकटलंय. हळूहळू. कडंकडंनं. जीव लावून."

"एकनाथ, काम कर."

"करतुया की. नुस्तं सांगतुया."

"सांगू नकोस."

तू हसलास. आत खांबांमध्ये तुझं हसणं मोठं वाटलं. "वर्गातबी आसंच म्हणायचीस म्हनं पोरांना. सांगू नका, लिवा."

दुसऱ्या दिवशी तू भेगेत खोलवर हात घालून चाचपत होतास. मी विचारलं काय झालं. तू म्हणालास, "आत अजून जुना गारा हाय. दोन हजार वर्साचा म्हन्तीस न्हवं? लोन्यावानी हाय. ज्यानं भरला त्याला डोंगर कोरून झाल्यावं कळ्ळं आसंल, की हितं चीर हाय. लई रडला आसंल. मग बसून भरला." मी वर बसून भाताचं तूस निवडत होते. मी म्हटलं, रडायला त्याला वेळ नसेल.

शेवटच्या दिवशी तू थापी मागितलीस. शेवटचा थर गुळगुळीत करायची तुझी सवय. मी दिली नाही. जुन्या कामाला थापीचा माग नको, असं मी म्हटलं. तू डाव्या हाताने दाबून दाबून भरलंस आणि बाहेर आलास. कोपरापर्यंत चुन्याने हात फुटला होता. "पौर्णिमेला बोलशील न्हवं?" एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं.

तेव्हा मी खरंच बोलणार होते. यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस.

भेग बुजली कशी असं लोक विचारतील. मी सांगणार आहे की गाळ पुन्हा बसला आणि भेग आपोआप मिटली. तू आला होतास हे नथूच्या सुनेखेरीज कोणाला माहीत नाही आणि ती माझी विद्यार्थिनी आहे.

आक्का


१२ सप्टेंबर २०२४

एकनाथ,

दीपमाला गेल्याचं नथूतात्याकडून कळलं. तू कळवलं नाहीस. मी आले असते असं मी लिहीत नाही, कारण मला माहीत नाही. पण कळवायला हवं होतंस. मोठी बहीण आहे.

ती वाईट बाई नव्हती. बोलायची फार आणि कालवणात मीठ जास्त घालायची, पण वाईट नव्हती. आईच्या शेवटच्या आजारात तिने तिचं सगळं केलं आणि मी शाळेच्या परीक्षा घेत होते, हे मी कधी तिच्याजवळ काढलं नाही. आता काढून काय उपयोग?

तिला घरी यायचं होतं हे मला माहीत होतं. तू एप्रिलमध्ये लिहिलं होतंस, जूनमध्ये लिहिलं होतंस, आणि जुलैमध्ये तिने स्वतः लिहिलं होतं. ते पत्र तुला तिने दाखवलं नसेल. लिहिलं होतं की "आक्का, मला वस्तीतली कोन बोलली न्हाई तरी चालंल, नुस्तं माज्या दारात बसू द्या. तुमी यकदा बोल्ला तर हे मला घिऊन येत्याल, न्हाईतर न्हाई यायचे." मी उत्तर दिलं नाही. काय द्यायचं होतं? तू तिला माझ्या शब्दाशिवाय आणणार नव्हतास, हा तुझा हट्ट. तिच्या मरणात त्याचाही वाटा आहे, सगळं माझ्यावर टाकू नकोस.

टाकं गच्च भरलं आहे. वरच्या कुंडातून पन्हळीला पाणी लागलं की आतून आवाज येतो, तो लहानपणीचा. पाऊस थांबून तीन दिवस झाले, पातळी एक बोटही खाली गेली नाही. तुझं काम धरलं आहे. तिला एवढं सांगता आलं असतं.

तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. ओल आली होती म्हणून उघडलं. विहाराच्या खुर्च्यांना जागा नव्हती, त्या आत ठेवल्या आहेत. चाळीस आहेत. दीपमालाचा पाटा-वरवंटा मागच्या पडवीत नेला.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

आक्का


६ एप्रिल २०२५

एकनाथ,

पाहणी झाली. बसून लक्ष देऊन वाच.

खात्याकडून क्षितिजा नावाची मुलगी आली. पस्तिशीची असेल, चष्मा, पायात चांगले बूट, बोलायला चटपटीत. पाण्याची पातळी गुडघ्याखाली आली होती. मी तिला आधी लेख दाखवला. तिने तो वाचला, माझ्या वाचनात चूक काढली नाही. "मॅडम, हे तुम्ही एक्याऐंशी साली वाचलंत? कोणी छापलं नाही?" असं विचारलं. मी म्हटलं, छापण्यासाठी पुण्यात ओळख लागते. चव्वेचाळीस वर्षांनी मला हे कोणीतरी विचारलं, एकनाथ. त्या दिवसासाठी मी काय काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. म्हणजे, काय काय केलं ते तुला माहीतच आहे.

मग ती आत उतरली. मी, नथूतात्या आणि चार बाया वर. बराच वेळ नुसता कॅमेऱ्याचा उजेड. मग तिने आतून ओरडून मला बोलावलं. सहासष्ट वर्षांच्या बाईने दोरीला धरून पाण्यात उतरायचं, पण उतरले.

पूर्वेच्या भिंतीतली भेग तिने पाहिली होती. तुझं लिंपण. वर्षभर पाण्याखाली राहून त्यावर शेवाळाची काळपट साय चढली आहे आणि ते आजूबाजूच्या खडकासारखंच दिसतं. त्यात चार बोटांचे ठसे आहेत. खोल, स्वच्छ. डाव्या हाताचे. तिसऱ्या बोटाला वरचं पेर नाही.

ती मुलगी रडायच्या बेतात होती. "मॅडम, हा त्या कारागिराचा हात आहे. बघा, बोट तुटलेलं. दगडाखाली आलं असणार. दान देणारीचं नाव वर कोरलंय आणि काम करणाऱ्याचं फक्त हे उरलंय." मग एकदम सावध झाली. वहीत लिहिता लिहिता तिने मला विचारलं, "मधल्या काळात इथे कोणी दुरुस्ती केली होती का? तुमच्या माहितीत?"

वरून नथूतात्या म्हणाला, "दोन सालामागं एकानं पहार घातली व्हती, ताई. पर टाकं लई खमकं. आपसूक मिटलं."

"म्हणजे मूळ लिंपण शाबूत आहे," ती म्हणाली. आणि माझ्याकडे पाहत राहिली, कारण तिला माझं उत्तर हवं होतं. शिकलेल्या माणसाचं.

मी म्हटलं, "नाही. दुरुस्ती झालेली नाही."

तिला तपासायला नमुना काढून न्यायचा होता. मी म्हटलं, दोन हजार वर्षं टिकलेल्या हाताला तुम्ही आज छिन्नी लावणार का? ती ओशाळली. वही मिटली.

बोट तुझं कधी गेलं ते मला आठवतं. ऐंशी साल, खाणीवर. मी तेव्हा पुण्यात वसतिगृहात होते आणि आईने पत्रात लिहिलं होतं की एकनाथाला जरा लागलं आहे, काळजी करू नको, परीक्षा दे. मी परीक्षा दिली.

खात्याचं पत्र आलं. निर्णय होईपर्यंत डोंगरावर खोदकाम बंद. जेसीबी परवा गेला.

आक्का


५ मे २०२५

एकनाथ,

तुझं कार्ड समोर आहे. या वेळी एकच ओळ: "आक्का, आता तरी सांग, मला घरी यायचंय." एकही चूक नाही. कोणाकडून तपासून घेतलंस की दीपमालाने तुला शिकवलं होतं?

मी सांगणार नाही. हे पहिल्यांदाच स्पष्ट लिहिते, म्हणजे तू पुन्हा खिंडीत बसून लाऊडस्पीकर ऐकायला नकोस.

कारण एक, ते कोणालाही सांगता येईल असं आहे. ठसे तुझे आहेत हे कळलं तर क्षितिजाचा अहवाल पडेल, बंदी उठेल, रस्ता टाक्यावरून जाईल. वस्तीचं पाणी जाईल, या वेळी कायमचं. एका माणसाने बाहेर राहायचं आणि साठ घरांनी पाणी प्यायचं, हा हिशेब तुलाही समजतो.

दुसरं कारण फक्त तुला सांगते. तुला काय भरून काढायला लावलं ते तुला कळायला हवं.

भेगेच्या तोंडाशी काही सुटलेलं नव्हतं. कडा जरा वाळल्या होत्या, एवढंच. गाळाचा हात पुन्हा दिला असता, चार बादल्या पाणी मारलं असतं तर ते आणखी दोन हजार वर्षं राहिलं असतं. मी बॅटरी धरली आणि मला त्यात बोटांचे ठसे दिसले. चार, पूर्ण, बारीक बोटांचे. तुम्ही खाली भाकरी खात होता, तुमचं हसणं वर ऐकू येत होतं. माझ्या पर्समध्ये पत्र फोडायची सुरी होती, शाळेतून निवृत्त झाले तेव्हा दिलेली. तासभर लागला. तू बरोबर ओळखलंस, कडेकडेने, जीव लावून. सीताफळाएवढा गोळा अख्खा निघाला. त्याच्या मागून ओलसर वारा आला. मला तेव्हाच कळलं की पाणी आता राहणार नाही. मी गोळा रुमालात बांधला आणि वर आले.

तो माझ्या कपाटात आहे, आईच्या लुगड्याखाली. आधी वाटलं होतं अर्जाबरोबर देईन. मग पाणी गेलं, बैठक बसली, कोणीतरी विचारलं "कशानं फुटलं?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "एकनाथची पहार लागली." तू समोर उभा होतास. तू माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलास. तू तेव्हा एक शब्द बोलला असतास तर मी खोटी पडले असते. का बोलला नाहीस? तुझ्या त्या गप्प राहण्याचा मला अजून राग येतो.

मी रोज तो गोळा काढते. माझी बोटं त्यात बसतात, एकनाथ. चारही, तंतोतंत, जणू मीच दाबला आहे. आयुष्यात कधी चिखलात हात न घातलेल्या बाईची बोटं. वर कोरलेली ती दान देणारी असेल, की तिची लेक, की कोणी मजूरबाई, मला माहीत नाही. खरं बोलायचं तर तो द्यावा लागेल. तो मी देणार नाही.

आता तुझ्याबद्दल. वस्तीने टाक्यापाशी फलक लावला आहे. वर लेखाचं माझं वाचन आणि माझं नाव. खाली तुझ्या बोटांचा मोठा रंगीत फोटो. 'अज्ञात कारागीर' असं त्याखाली आहे. टाक्याच्या तोंडाला लोखंडी कठडा केला आहे. बायका पाणी भरायला येतात तेव्हा आधी फोटोला हात लावतात आणि मग कपाळाला. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं सुट्टीच्या दिवशी येऊन त्याच्याबरोबर फोटो काढतात.

फलक लागला त्या दिवशी नथूतात्या खूप वेळ समोर उभा राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाई, ह्या बोटाला पेर न्हाई."

"दिसतंय मला."

"डावा हात हाय."

"दोन हजार वर्षांत पुष्कळांची बोटं गेली, तात्या."

त्याने तंबाखू मळली. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा खाली वस्तीकडे, पाण्याच्या हंड्यांच्या रांगेकडे. "गेली आसत्याल की," म्हणाला. "माझ्या म्हैतीत एकाचंच गेलं." आणि खाली निघून गेला. परत तो विषय त्याने काढलेला नाही. काढणारही नाही. त्याच्या सुनेला मूल होणार आहे आणि नळयोजना अजून कागदावर आहे. म्हणजे हे ठाऊक असलेले आता आम्ही दोघं आहोत. अजून काही जण असतील. ते फोटोला हात लावून नमस्कार करतात आणि तुझ्या बंद घरावरून मान खाली घालून जातात.

बारा तारखेला पौर्णिमा आहे. तुला यायचं असेल तर ये, लपून नको, पुढच्या वाटेने ये. कोणी काही बोलणार नाही. कोणी काहीच बोलणार नाही, याची तुला सवय आहे. दीपमालाच्या नावाने खीर वाटायची असेल तर तांदूळ मी देते. घरात राहता येणार नाही, खुर्च्या काढल्या तरी छप्पर गेलं आहे.

टाक्यापाशी जा. कठड्याच्या बाहेर उभा राहा, फोटो बघ, हवा तेवढा वेळ बघ. पण डावा हात खिशात ठेव.

आक्का